खुर्चीवालीचं अकरावं प्रकरण

१

सोमवारी सकाळी सव्वासातला टेलरमास्तरांनी पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि मग नुसतेच पानाकडे बघत राहिले.

"वाचा की," समोरच्या खुर्चीतून ड्रायव्हर म्हणाला. "चष्मा विसरलात का?"

"चष्मा आहे. प्रकरण नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे पान एकशे साठ झालं की एकदम पुठ्ठा. अकरावं प्रकरण कुणीतरी कापून नेलंय."

खिडकीच्या कोपऱ्यातली चारही माणसं एकदम पुढे झुकली. त्याबरोबर चारही मशिनी कोकलायला लागल्या. सिस्टर धावत आल्या आणि बटणं दाबत, नळ्या सरळ करत प्रत्येकावर वेगवेगळ्या सुरात खेकसल्या. हात हलवायचा नाही, हे या माणसांना किती वर्षं सांगायचं?

आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सात ते अकरा, या चौघांचं रक्त हातातल्या एका सुईने बाहेर पडायचं, मशिनीत धुतलं जायचं आणि दुसऱ्या सुईने परत आत यायचं. ज्या हाताला सुया, तो हात चार तास जागचा हलवायची सोय नव्हती. हॉलमध्ये अशा अकरा खुर्च्या होत्या, पण खिडकीच्या कोपऱ्यातल्या चार म्हणजे एक वेगळंच बिऱ्हाड होतं. एक टेलरमास्तर. आवाज गोड, म्हणून वाचनाचं काम त्यांचं. दुसरा बसचा ड्रायव्हर, आडदांड आणि तापट. तिसरा वायरमन, चौतिशीतला, कमी बोलणारा. आणि चौथ्या खुर्चीत गणितबाई. एकतीस वर्षं आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्ती आपल्याला लागू आहे हे त्यांना अजून पटलं नव्हतं.

या चौघांची लाडकी बाई म्हणजे खुर्चीवाली. ती व्हिडिओ करायची, तेही अशाच मशीनला जोडलेल्या खुर्चीत बसून. मशीनला ती 'सासूबाई' म्हणायची. सासूबाईंना चार तास दिले की बाकीचं घर माझं, असं तिचं गणित होतं. सुया लावून घेताना डॉक्टरला काय विचारायचं, परगावी जायचं तर तिथलं मशीन आधी कसं ठरवायचं, खुर्चीवर मळकी चादर असेल तर ती बदलेपर्यंत बसायचंच नाही म्हणून उभं कसं राहायचं, असलं सगळं ती हसत हसत सांगायची. बाईंनी तिचे व्हिडिओ इतक्यांदा पाहिले होते की तिची वाक्यं त्यांच्या तोंडून निघायची आणि सिस्टर वैतागायच्या.

पण मध्ये जवळजवळ दोन वर्षं खुर्चीवाली गायब झाली होती. ना व्हिडिओ, ना खबर. मग एक दिवस परत त्याच खुर्चीत दिसली आणि म्हणाली, "मध्ये जरा बाहेर होते." बस्स. कुणी कितीही विचारलं तरी त्यापुढे एक शब्द नाही.

आणि आता तिनं आत्मचरित्र लिहिलं होतं, 'तीन दिवस मशीनचे, चार दिवस माझे'. दीड महिन्यापूर्वी हॉलच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वर लिहिलेलं, 'पहिली शिफ्ट, खिडकीचा कोपरा'. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत हे पुस्तक. खुर्चीवालीनं स्वतःच पाठवलं, अशी ड्रायव्हरची ठाम समजूत होती.

शुक्रवारी दहावं प्रकरण संपलं ते अशा जागी, की दोन दिवस कुणाला दुसरं काही सुचलं नव्हतं. खुर्चीवालीचा मोठा भाऊ हातात तपासणीचे कागद घेऊन दारात उभा राहतो आणि एवढंच म्हणतो, "जुळतंय."

त्यापुढची सोळा पानं गेली होती.

"कापलंय ना?" ड्रायव्हरनं मोकळ्या हातानं मास्तरांकडे बोट केलं. "आणि तेही सरळ रेषेत. मग कापणाऱ्याला लांब कशाला शोधायचं?"

२

मास्तर साठ वर्षांचे. आयुष्यात त्यांच्यावर कुणी कापडाचा तुकडा चोरल्याचा आळ घेतला नव्हता. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मशीनवरचा रक्तदाबाचा आकडा चढला आणि सिस्टरनी पुस्तक काढून घेतलं.

"पुरे झालं तुमचं. आजपासून कोपऱ्यात पुस्तक नाही. प्रत्येकानं कानात वायर घालून आपापली गाणी ऐकायची. तसंही डॉक्टरांना हे वाचन पसंत नव्हतंच."

"सिस्टर, पुस्तक इकडे द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, उगीच..."

"उगीच नाही. आमचं रक्त तुमच्या ताब्यात आहे, ते ठेवा. काय खायचं, किती प्यायचं, किती वजनावर सोडायचं, ते तुम्ही ठरवता. आम्ही मान डोलावतो. पण काय वाचायचं ते आम्ही ठरवणार. पुस्तक मिळत नसेल तर माझ्या सुया आत्ता काढा आणि डॉक्टरांना सांगा, चौथ्या खुर्चीनं मशीन नाकारलं."

हॉलमधल्या बाकीच्या सातही माना इकडे वळल्या. सिस्टरनी दोन क्षण बाईंकडे पाहिलं आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ आपटलंच.

बाईंनी एका हातानं ते उलगडलं. कापणाऱ्यानं अगदी बांधणीला चिकटून पातं फिरवलं होतं. इतकं चिकटून, की पाठीचा डिंक सुटून शेजारचं एकशे एकोणसाठ-साठ नंबरचं पानही निसटलं असावं. कारण ते पान कुणीतरी पांढऱ्या चिकटपट्टीनं परत जागेवर बसवलं होतं. सुया काढल्यावर कापूस दाबून ठेवायला वॉर्डात वापरतात, तीच पट्टी.

"मास्तर, हे बघा. तुमचं मत काय?"

मास्तर आधी बघेनात. मग राहवलं नाही. "ज्यानं कापलं त्याला कापायचं कळत नाही," ते तुटक आवाजात म्हणाले. "कापड असो की कागद, शिवणीपासून अर्धं बोट सोडून कापायचं. नाहीतर शेजारचं सुटतं. माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्या पोराला मी हेच शिकवतो. आणि कात्रीचं हे काम नव्हे. हे पातं आहे, बारीक."

"म्हणजे तुमच्याकडे बारीक पातं नाहीच?" ड्रायव्हर म्हणाला.

अकरा वाजता सुया निघाल्यावर मास्तर सिस्टरच्या टेबलाशी गेले आणि बाईंना ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "मला दुपारच्या शिफ्टमध्ये टाका. पुढच्या आठवड्यापासून. या कोपऱ्यात मी बसणार नाही."

३

बाईंनी घरी जाऊन पहिलं काम केलं ते पुस्तकाच्या दुकानात फोन. सगळ्या प्रती संपल्या होत्या आणि नवी आवृत्ती यायला महिना होता. म्हणजे कापणाऱ्यानं नेम साधून कापलं होतं. महिनाभर तरी अकरावं प्रकरण कुणाच्या हाती लागणार नव्हतं.

बुधवारी त्या पाऊण तास आधीच हॉलवर पोचल्या. सिस्टर वजनकाट्याशेजारी रजिस्टर भरत होत्या.

"शुक्रवारी पुस्तक शेवटचं कुठे होतं?"

"तुम्ही पोलिसात का नाही गेलात हो?"

"उंची कमी पडली. सांगा."

सिस्टरना हसू आवरलं नाही. "तुम्ही पावणेअकराला पहिल्या सुटलात. जाताना पुस्तक खिडकीत ठेवून गेलात. मी बारा वाजता ते ह्या टेबलाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. सोमवारी मीच काढून मास्तरांच्या हातात दिलं."

"बारा वाजता नीट होतं?"

"मी काय पानं मोजत बसते?"

"मधल्या सव्वा तासात कोपऱ्यात कोण होतं?"

"ड्रायव्हरांच्या पोटरीत गोळा आला होता. साडेअकरापर्यंत मी त्यांचा पाय चोळत होते, आणि ते मला शिव्या देत होते. मग त्यांची बायको त्यांना दारापासून चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली. मास्तर आणि वायरमन आपापला हात दाबून बसले होते. कोण आधी गेलं, देव जाणे."

"आणि तुम्हाला ते प्रकरण नको होतं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "हो, नको होतं. बाई, मी इथे चौदा वर्षं आहे. किडनी बसवून गेलेले लोक परत येतात ना, तेव्हा त्यांना पहिली सुई मी लावते. त्यांचं तोंड मला बघावं लागतं. त्या पुस्तकात काय असणार ते मला वाचायची गरज नाही. पुढच्या मंगळवारी वायरमनचं ऑपरेशन आहे, त्याच्या बहिणीची किडनी त्याला बसतेय. त्याच्या पुढ्यात नेमकं आताच हे वाचायचं? म्हणून नको होतं. पण मला ते गायब करायचं असतं, तर मी पुस्तकच घरी नेलं असतं. माझ्याकडे किल्ली आहे. मी ब्लेड घेऊन खिडकीत लपून बसेन?"

हे बाईंना पटलं. पटलं म्हणून त्यांना बरंही वाटलं, कारण पुढची पाच-दहा वर्षं त्यांना याच बाईकडून सुया टोचून घ्यायच्या होत्या.

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हर पाय लांब करून बसला होता. बाई शेजारी बसल्या.

"मला विचारायला आलात ना? विचारा. माझ्यावर पण संशय असेलच. मी दोनदा मशीन चुकवलं होतं, सगळ्यांना माहितीये. बायको म्हणते, वाईट काही वाचू नको, तू परत यायचा नाहीस."

"मग तुम्ही कापलं?"

"मी?" ड्रायव्हरचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बाई, मी दोनदा थांबलो होतो, आणि दोन्ही वेळा तिचाच व्हिडिओ बघून परत आलो. ती दोन वर्षं कुठे होती, हे मला कळलंच पाहिजे. मला कळू दिलं नाही ना कुणी, म्हणून डोकं फिरलंय. मास्तर सापडले, त्यांच्यावर काढलं."

"मास्तरांनी कापलं नाही."

"कशावरून?"

"सांगेन. आधी एक सांगा, तुम्हाला काय वाटतं, ती कुठे होती?"

ड्रायव्हरनं खांदे उडवले. "त्यात काय? भाऊ म्हणाला जुळतंय, म्हणजे किडनी बसवली. आता परत खुर्चीत आहे, म्हणजे गेली. लहान पोर पण सांगेल."

बाई उठता उठता थांबल्या. मग हळूच परत बसल्या. ड्रायव्हर आपल्याला किती मोठी गोष्ट सांगून गेला, याचा त्याला पत्ताच नव्हता.

४

त्या दिवशी चार तास बाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. ड्रायव्हर सांगू शकतो, तर ते कोपऱ्यातला कुणीही सांगू शकतो. दहावं प्रकरण ज्यानं ऐकलं आणि खुर्चीवालीला आज खुर्चीत बसलेलं ज्यानं पाहिलं, त्याला अकराव्यात काय घडलं असणार ते आधीच ठाऊक होतं. मग त्यांच्यापासून लपवण्यासारखं उरलं काय?

म्हणजे ही पानं कोपऱ्यातल्या माणसांपासून लपवलेलीच नव्हती. ज्यानं व्हिडिओ बघितले नसतील आणि पुस्तक पहिल्यांदाच हातात घेतलं असेल, अशा कुणापासून तरी ती लपवली होती.

असा माणूस कोण?

आणि मग बाईंना आपलंच शुक्रवारचं बोलणं आठवलं. शुक्रवारी, दहावं प्रकरण संपल्यावर, त्यांनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "सोमवारी अकरावं संपलं की पुस्तक बाहेरच्या बाकावर जाईल. आपल्या घरच्यांनाही कळू दे आपण काय भोगतो ते."

बाहेरच्या बाकावर या कोपऱ्यातल्यांची तीनच माणसं बसायची. ड्रायव्हरची बायको, मास्तरांचा मुलगा आणि वायरमनची मोठी बहीण. या बहिणीचं कपडे इस्त्रीचं दुकान होतं. सकाळचं काम टाकून ती भावाबरोबर यायची, आणि बाई बाहेर आल्या की न चुकता विचारायची, "बाई, पुस्तक कुठवर आलं हो?"

अकरा वाजले. सिस्टरनी वायरमनच्या सुया काढल्या, कापूस ठेवला, चिकटपट्टी लावली आणि पुढच्या खुर्चीकडे वळल्या. वायरमन बोटांनी कापूस दाबून बसला. पाचेक मिनिटांनी त्यानं पट्टी जरा सैल केली, नीट लावली आणि तिचं टोक आत दुमडून एक इवलीशी घडी केली. हात आपोआप चालले होते. त्याचं लक्षही नव्हतं.

बाईंनी मांडीवरचं पुस्तक उघडलं.

एकशे साठाव्या पानावरच्या पट्टीचं टोकही तसंच दुमडलेलं होतं.

"अरे, ती घडी कशाला घालतोस?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठली? ही?" वायरमननं हाताकडे पाहिलं. "सवय, बाई. टेपचं टोक दुमडून ठेवलं की पुन्हा काढायला सोपं पडतं. नाहीतर नखानं उकरत बसावं लागतं. जिथे पुन्हा हात घालायचा असतो, तिथे आम्ही असंच करतो."

"जिथे पुन्हा हात घालायचा असतो," बाई म्हणाल्या. "असं होय."

वायरमन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर त्यांच्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकाकडे गेली. तो उठला आणि वजन करायलाही न थांबता निघून गेला.

५

शुक्रवारी तो येणारच नाही, असं बाईंना वाटलं होतं. पण मशीन चुकवून मंगळवारच्या ऑपरेशनला कुणी जात नाही. तो आला, मान खाली घालून बसला, सुया लावून घेतल्या. मास्तर तोंड फिरवून बसले होते. कोपऱ्यातला त्यांचा हा शेवटचा दिवस होता.

साडेसात वाजता चौघंही सुयांना जखडलेले होते. उठून जायला कुणालाच वाट नव्हती.

"ऐका," बाई म्हणाल्या. हा आवाज म्हणजे मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. "मास्तर, तुम्ही पण. तोंड इकडे करा. पुस्तक शुक्रवारी पावणेअकरा ते बाराच्या मध्ये कापलं गेलं. त्या आधी शक्यच नव्हतं, कारण पुस्तक धरायला एक हात आणि पातं फिरवायला एक हात लागतो, आणि सुया असताना आपल्याला एकच हात असतो. तेव्हा ड्रायव्हरांचा पाय धरून सिस्टर बसल्या होत्या. दोघंही त्यातून गेले. साडेअकरानंतर सिस्टर मोकळ्या होत्या, पण त्यांच्याकडे किल्ली आहे, त्यांना काही कापायची गरजच नाही."

"मग उरले मास्तरच," ड्रायव्हर पुटपुटला.

"मास्तरांनी तीस वर्षं पोरांना शिवण सोडून कापायला शिकवलं. ज्यानं हे कापलं त्यानं शिवण सोडली नाही, शेजारचं पान निसटलं. मास्तरांचा हात झोपेतसुद्धा असा चालणार नाही. ड्रायव्हर, तुम्ही त्यांची माफी मागा. आत्ता."

ड्रायव्हर मास्तरांकडे वळला. "चुकलं, मास्तर."

मास्तरांनी फक्त मान हलवली. डोळे मात्र भरून आले होते.

"आता पुढचं. ज्यानं कापलं, त्यानं निसटलेलं पान परत चिकटवलं, आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवलं. ज्याला पुस्तकाची नासाडी करायची असते, तो हा खटाटोप करत नाही. त्याला थोड्या दिवसांनी पट्टी काढून सोळा पानं परत लावायची होती. म्हणजे त्याला हे प्रकरण थोडेच दिवस लपवायचं होतं. किती दिवस? तर..."

"मंगळवारपर्यंत," वायरमन म्हणाला. "नाव घेऊ नका, बाई. मी सांगतो. मी कापलं. वायर सोलायच्या सुरीनं."

ड्रायव्हरनं झटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पानं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"माझ्या पिशवीत. फाइलमध्ये. एकही फाटलं नाही." त्यानं पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. "ताई वाचणार होती. रोज विचारते, कुठवर आलं. तिनं खुर्चीवालीचा एक व्हिडिओ कधी बघितलेला नाही, दुकानातून वेळ कुठे असतो तिला? तिला वाटतं, किडनी दिली की भाऊ कायमचा सुटला. आणि तिच्या हातात हे पडणार, की सख्ख्या भावानं दिलेली किडनी दोन वर्षं टिकली नाही. मग? तिला दोन पोरं आहेत. तिनं का द्यावी?"

"म्हणून तू लपवलंस."

"हो लपवलं!" तो एकदम उसळला. मशीन ओरडलं. "मला जगायचंय, बाई! तुम्ही मोठं बोलता, आम्हाला काय वाचायचं ते आम्ही ठरवणार. तुमच्यासाठी कुणी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाहीये. माझ्यासाठी एक माणूस चढतंय, आणि मला ते गमवायचं नाहीये!"

हे लागलं. बाईंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी तपासणी करून आला होता, त्याचं जुळलं नव्हतं, आणि दुसरं कुणी नव्हतं. पण त्यांनी नजर खाली केली नाही.

"खरं बोललास. माझ्यासाठी कुणी चढणार नाही. म्हणूनच सांगते. आपल्याला कुणी अर्धवट सांगितलं, की आपण या कोपऱ्यात किती आरडाओरडा करतो? डॉक्टरनं रिपोर्ट दाखवला नाही, तर तूच गेल्या महिन्यात भांडलास ना? अंग तुझं म्हणून कागद तुझे. मग मंगळवारी कापायचं अंग कुणाचं आहे?"

वायरमननं सिस्टरना खूण करून जवळ बोलावलं. मग म्हणाला, "सिस्टर, ताईला आत बोलवा."

६

नातेवाइकांना आत यायला सक्त मनाई होती. सिस्टरनी तसं सांगितलंही. पण मास्तर, जे आजवर कधी कुणाला उलटून बोलले नव्हते, ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नाही आणलंत तर मी इथून हाका मारीन." सिस्टरनी चौघांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि पायांत घालायच्या निळ्या पिशव्या घेऊन बाहेर गेल्या.

ताई आली ती घाबरून. भावाला काहीतरी झालं, असंच तिला वाटलं होतं. तो धडधाकट दिसल्यावर ती चिडली. "काय रे? जीव घ्यायचाय का माझा?"

"माझ्या पिशवीत फाइल आहे. ती काढ. पुस्तकाचं अकरावं प्रकरण आहे. मी कापलं, तू वाचू नयेस म्हणून. वाच, आणि मग मंगळवारचं काय ते ठरव. तू नाही म्हणालीस तरी मी एक शब्द बोलणार नाही."

ताईनं फाइल काढली. पानं चाळली नाहीत. ती नुसती भावाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग होता की हसू, ते बाईंनाही ओळखता येईना.

"मूर्ख आहेस," ती शेवटी म्हणाली. "एकोणीस महिने टिकली तिची. सर्दीचं निमित्त झालं आणि गेली. शेवटचं वाक्य पण सांगू?"

वायरमनचं तोंड उघडंच राहिलं.

"मी दोन महिन्यांपूर्वीच वाचलंय. दुकानात एक गिऱ्हाईक बोलली या पुस्तकाबद्दल. म्हटलं, आपण देणार तर वाचावं. दोनदा वाचलं. मग पाकिटात घालून इथे पाठवलं."

"तुम्ही पाठवलंत?" ड्रायव्हर ओरडला. "मला वाटलं, तिनंच..."

"तिला काय माहीत, तुम्ही कुठल्या कोपऱ्यात बसता?" ताई भावाकडे वळली. "माझ्या तोंडून हे तुला सांगवत नव्हतं रे. की ही किडनी कायमची नसते. तू इतका खुशीत होतास, मला वाटलं तुलाच माहीत नाही. पुस्तकातून कळेल, सगळे बरोबर असतील, धीर येईल. म्हणून रोज विचारत होते, कुठवर आलं. अकरावं वाचलंस की तू माझ्याकडे येशील आणि आपण बोलू, म्हणून वाट बघत होते. आणि तू सुरी घेऊन बसलास!"

"म्हणजे तुला माहीत होतं. तरी तू..."

"तरी म्हणजे काय? इस्त्रीचा कपडा परत चुरगळतो म्हणून मी इस्त्री करायची सोडते का? दोन वर्षं तर दोन वर्षं. वीस तर वीस. ते माझं देणं आहे, ते मी देणार. हिशोब तू कशाला करतोस माझ्या वतीनं? आणि डॉक्टर काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, सासू काय म्हणते, सगळं ऐकून झालंय माझं. एक तूच उरला होतास."

वायरमन रडायला लागला. मोकळ्या हातानं तोंड झाकायला गेला, पण ताईनं तो हात धरून ठेवला.

बाईंना वाटलं, आता आपण काही बोलू नये. आयुष्यात फार कमी वेळा त्यांना असं वाटलं होतं. कोण, कधी, कशानं, का, सगळं त्यांनी बरोबर काढलं होतं. एकच उत्तर चुकलं होतं, पण ते मोठं होतं. त्यांनी ताईला सत्य झेपेल की नाही याचा विचार केला होता. तिच्या हातात ते आधीपासूनच असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सिस्टर, एक स्टूल आणा," मास्तर म्हणाले. "ताई वाचतील आज."

"अहो, डॉक्टर राउंडला येतील!"

"येऊ देत," बाई म्हणाल्या. "त्यांनाही ऐकू देत."

ताई काही वाचनाला सरावलेली नव्हती. ती अडखळत, बोट फिरवत वाचत होती. खुर्चीवालीनं त्या एकोणीस महिन्यांत काय काय केलं, त्याचा नुसता पाढा होता तो. ती समुद्र बघायला गेली. सोमवारी सकाळी सातला ती झोपून राहिली, मुद्दाम, गजर लावून उठली आणि परत झोपली. भावाशी भांडली. एका लांबच्या लग्नात नाचली. आणि तहान लागली की पाणी प्यायली. न मोजता, भांडं तोंडाला लावून.

या वाक्याला ताई थांबली, कारण चौघांपैकी कुणाच्या तरी तोंडून आवाज निघाला. कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही. या चौघांना दिवसाचं पाणी भांड्यावर रेघ मारून मिळायचं.

"वाचा," ड्रायव्हर म्हणाला. "थांबू नका."

ताईनं पुढे वाचलं. "'लोक मला विचारतात, गेलीच शेवटी, मग काय मिळालं? त्यांना मी काही सांगत नाही. म्हणूनच दोन वर्षं मी कुठे होते ते कधी बोलले नाही, कारण मला कुणाची हळहळ नको होती. भावानं दिलं ते मी वापरलं. पुरेपूर वापरलं. आज परत खुर्चीत आहे. पुन्हा कुणाचं जुळलं, तर पुन्हा जाईन.'"

डॉक्टर केव्हा येऊन उभे राहिले होते, कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी निळ्या पिशव्या घातलेल्या ताईकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि बाईंच्या नजरेला नजर मिळताच काही न बोलता पुढच्या खुर्चीकडे गेले.

७

मंगळवारी कोपऱ्यातला कुणी हॉलवर जायचा नव्हता, पण घरी कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. ड्रायव्हरनं बाईंना सहा फोन केले. सातवा बाईंनी केला.

बुधवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे पोचल्या. मास्तर आपल्या जुन्याच खुर्चीत बसले होते. दुपारच्या शिफ्टचं नाव त्यांनी परत काढलं नव्हतं, आणि कुणी काढलंही नाही. वायरमनची खुर्ची रिकामी होती. सिस्टर सुया लावायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रात्रपाळीच्या मैत्रिणीला त्या किती वेळा फोन करून आल्या असतील, कुणास ठाऊक.

"दोघंही बरी आहेत," त्या म्हणाल्या. "ताईला दुखतंय, पण ती नर्सवर ओरडायला लागलीये, म्हणजे ठीक आहे. आता किती दिवस टिकते, ते मात्र, बाई, मला विचारू नका. मी इथे चौदा वर्षं..."

"किती दिवस ते कुणी विचारतंय?" बाई म्हणाल्या. "किडनी चालू झाली का, तेवढं सांगा."

सिस्टरनी सुई हातात धरली होती. ती तशीच धरून त्या हसल्या.

"झाली. टेबलावरच."